अफूचें शेत आणि कायद्याचें कुंपण

कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न मराठींत एका म्हणींत सांठवलेला आहे. हिंदुस्थानांतील अफूच्या बंदोबस्ताचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे ही म्हण पावलोपावलीं आठवल्यावांचून राहत नाहीं. मादक पदार्थांविरुद्ध कायदा असतो, त्या कायद्यामागें पोलीस उभा असतो, आणि हा सगळा खटाटोप लोकांना व्यसनापासून वांचविण्यासाठीं असतो, अशी सामान्य सुशिक्षित माणसाची समजूत असते. आजच्या कायद्यापुरती ती बव्हंशीं खरीहि आहे. परंतु ज्या मुळांतून हा कायदा वाढला, तें मूळ निराळें आहे. दीडशें वर्षांहून अधिक काळ या देशांत अफू पिकवून घेणारा, ती विकणारा आणि तिच्यावर पहारा ठेवणारा धनी एकच होता. तो धनी म्हणजे सरकार. अशा राज्यांत चोर कोण ठरतो ? व्यसन लावणारा नव्हे, तर धन्याचा वांटा न देतां विकणारा. या एका गोष्टीचे परिणाम किती दूरवर पोंचले, हें पाहण्यासारखें आहे.

या कथेचा आरंभ बंगालमध्यें होतो. १७७३ सालीं वॉरन हेस्टिंग्ज यानें तिकडील अफूचा मक्ता कंपनी सरकारच्या हातीं घेतला. पुढें जी पद्धति रूढ झाली ती अशी : शेतकऱ्यानें सरकारची उचल घेऊन अफू पेरावयाची; बोंडांना चिरा देऊन काढलेला सगळा चीक, सरकारनें ठरविलेल्या भावानें, सरकारलाच द्यावयाचा; सरकारी कारखान्यांत त्याचे गोळे वळून ते लांकडी पेट्यांत भरावयाचे; आणि त्या पेट्यांचा कलकत्त्यास लिलांव करावयाचा. एका पेटींत सुमारें १४० पौंड माल असे. लिलांवांत माल घेणारे व्यापारी तो चीनला नेत. चीनच्या बादशहानें १७२९ सालींच अफूच्या विक्रीस आणि ती ओढण्याच्या अड्ड्यांस बंदी घातली होती; म्हणून कंपनी आपल्या स्वतःच्या जहाजांतून अफू नेत नसे. माल कलकत्त्यास हातून सुटला म्हणजे पुढच्या पापाशीं आपला संबंध नाहीं, असा तिचा हिशेब होता. सोवळेंहि राहिलें आणि पैसाहि मिळाला.

बंगालमध्यें पहारा ठेवणें त्या मानानें सोपें होतें. कारण जमीन, शेतकरी, नदी आणि बंदर हीं सगळींच कंपनीच्या ताब्यांत होतीं. खरी अडचण उभी राहिली ती पश्चिमेकडे, माळव्यांत. शिंदे, होळकर व राजपूत संस्थानिक यांच्या मुलखांत, उज्जैन, इंदूर, मंदसोर, रतलाम, प्रतापगड या बाजूस, काळ्या जमिनींत अफूचें पीक उत्तम येई. हा मुलूख कंपनीचा नव्हता. येथील शेतकऱ्यास सरकारची नव्हे, सावकाराची उचल मिळे. आणि माल गुजराथेंतून व मुंबईवरून चीनच्या वाटेस लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं कंपनी सरकारनें मुंबई बंदरांतून माळव्याची अफू बाहेर जाण्यास बंदी केली. या बंदीचें कारण व्यसन हें नव्हतें. माळव्याचा स्वस्त माल चीनला पोंचला म्हणजे कलकत्त्याच्या लिलांवांतील भाव पडतो, हें तिचें कारण होतें. अफूची चोरटी वाहतूक पश्चिम हिंदुस्थानांत फोंफावली ती अशी : एका बड्या व्यापाऱ्यानें इतर व्यापाऱ्यांचा रस्ता अडविला, आणि त्याच्या हातीं राज्य असल्यामुळें त्या अडविण्याला कायदा हें नांव मिळालें.

रस्ता अडविला म्हणून पाणी थांबत नाहीं. तें वळसा घेऊन जातें. मुंबईच्या उत्तरेस दमण हें पोर्तुगीजांचें बंदर होतें आणि तेथें कंपनीचा हुकूम चालत नव्हता. माळव्यांतून निघालेले तांडे मारवाडांत पालीला जात. तेथून जेसलमेरचें वाळवंट तुडवीत सिंधमध्यें कराचीला पोंचत. आणि कराचीस गलबतांत चढलेला माल समुद्रमार्गें पुन्हां दक्षिणेस दमणला येई. नकाशावर हा मार्ग पाहिला तर वेडेपणाचा वाटतो. परंतु ज्या वाटेवर सरकारचा नाका नाहीं ती वाट कितीहि लांबची असली तरी अशा मालाला जवळचीच असते. मुंबईंत राहून दमणचा हा व्यापार करणाऱ्यांत रोजेरिओ द फारिया हा गोमंतकीय व्यापारी विशेष प्रसिद्ध होता.

कंपनीनें मग दोन उपाय करून पाहिले. पहिला उपाय म्हणजे माळव्याची अफू स्वतःच विकत घेऊन तिचा लिलांव करणें. त्याचा परिणाम उलटाच झाला. सरकार गिऱ्हाईक म्हणून बाजारांत उतरतांच भाव चढला आणि शेतकऱ्यांनीं पूर्वींपेक्षां अधिक अफू पेरली. दुसरा उपाय म्हणजे संस्थानिकांशीं करार करून लागवडीस आणि वाहतुकीस आळा घालणें. १८२४ नंतर उदेपूर, कोटा, बुंदी, इंदूर अशा संस्थानांशीं असे करार झाले. शिंद्यांनीं मात्र तसा करार केला नाहीं. रस्त्यांवर नाकेबंदी झाली, खबर देणारास बक्षिसें मिळूं लागलीं. तेव्हां तांड्यांबरोबर हत्यारबंद माणसें चालूं लागलीं. सावकार बिथरले, संस्थानिक कुरकुरूं लागले, आणि एवढें होऊनहि दमणला माल पोंचतच राहिला.

अखेर १८३० च्या सुमारास कंपनीनें हा हट्ट सोडला. यापुढें ज्यानें दर पेटीस १७५ रुपये भरावे, त्यानें परवाना घ्यावा आणि उजळ माथ्यानें आपला माल मुंबईस आणावा, असें ठरलें. कालचा चोर एका रात्रींत साव झाला. अफू तीच, तांडा तोच, चीनचें गिऱ्हाईकहि तेंच. बदलली ती केवळ पावती. यानंतरच्या दरांचा इतिहास तर फार बोधप्रद आहे. १७५ रुपये देण्यापेक्षां दमणचा वळसा पुष्कळांना परवडतो, असें दिसून येतांच १८३५ मध्यें दर १२५ रुपयांवर आला. १८४३ सालीं इंग्रजांनीं सिंध प्रांत जिंकला आणि कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षीं दर २०० झाला, १८४५ मध्यें ३०० आणि १८४७ मध्यें ४००. व्यापाऱ्याला पळण्यास जागा उरली नाहीं, तेव्हां सरकारनें त्याचा खिसा मोकळेपणानें चांचपला. हा दर नीतीच्या विचारानें चढला किंवा उतरला नाहीं. तो दमणच्या वाटेच्या भाड्यावर ठरत होता.

या व्यापाराच्या पैशानें मुंबई शहर उभें राहिलें, असें म्हटलें तर त्यांत थोडीच अतिशयोक्ति होईल. सर जमशेटजी जीजीभाई हे कँटनच्या जार्डिन मॅथेसन कंपनीचे मोठे भागीदार-अडते होते, आणि त्यांच्या संपत्तींत कापसाबरोबर अफूचाहि वांटा होता. त्याच संपत्तींतून रुग्णालय, कलाशाळा आणि अगणित धर्मकृत्यें झालीं. अशा व्यापाऱ्यांना आजच्या दृष्टीनें गुन्हेगार म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्या देशाचा कायदा त्यांना परवाना देत होता आणि त्यांच्या देशाचें सरकार त्यांचा गौरव करीत होतें. परंतु जो माल मुंबईच्या धक्क्यावर कायदेशीर होता, तोच चीनच्या किनाऱ्यावर बेकायदेशीर होता. एकाच पेटीचे हे दोन जन्म लक्षांत घेतले म्हणजे पुढचा भाग समजतो.

चीनमध्यें अफूच्या पायीं घरेंदारें बुडत होतीं, आणि देशांतील चांदी परदेशीं वाहत होती. १८३८ च्या अखेरीस बादशहानें लिन झेशू या निःस्पृह अधिकाऱ्याची खास आयुक्त म्हणून नेमणूक केली. १० मार्च १८३९ रोजीं तो कँटनला पोंचला. जगाच्या इतिहासांत मादक पदार्थांविरुद्ध सरकारी यंत्रणा एवढ्या निर्धारानें उभी राहिल्याचें उदाहरण त्यापूर्वीं क्वचितच सांपडेल. लिननें प्रथम आपल्याच घरांतील केर काढला. शहरांतील सुमारें ६०० विद्यार्थ्यांना त्यानें परीक्षेच्या निमित्तानें एकत्र बसविलें, आणि अफूचे मोठे विक्रेते कोण व त्यांना कसें आवरावें हें लिहून मागितलें. इच्छा असल्यास नांव न घालतां लिहिण्याचीहि मोकळीक दिली. कांहीं महिन्यांत सोळाशेंहून अधिक माणसें पकडलीं गेलीं आणि अफू ओढण्याच्या हजारों नळ्या सरकारजमा झाल्या. मात्र ओढणारा आणि विकणारा यांना त्यानें एका मापानें मोजलें नाहीं. व्यसनी माणसास व्यसन सोडण्यासाठीं मुदत होती, औषधोपचाराची सोय होती. मुदतींत न सुधारणाऱ्यास मात्र देहान्त शिक्षा होती. त्या काळीं दंड कठोरच असे. पण त्याच्या आधीं दार उघडें ठेवलेलें होतें, हें विसरतां येत नाहीं.

त्यानंतर लिन परदेशी व्यापाऱ्यांकडे वळला. सगळा माल स्वाधीन करा आणि पुन्हां आणणार नाहीं असें लिहून द्या, अशी त्यानें मागणी केली. ती मान्य होईना, तेव्हां त्यानें त्यांच्या वखारींना वेढा दिला. शेवटीं इंग्रजांचा प्रतिनिधि कॅप्टन चार्लस एलिअट यानें २०,२८३ पेट्या लिनच्या हवालीं केल्या. त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा माळवी मालहि होता. ३ जून १८३९ पासून हूमेन येथें त्या अफूचा नाश सुरू झाला. मोठे हौद खणून त्यांत पाणी भरलें. गोळे फोडून टाकले. मीठ आणि चुना मिसळून तो रांधा घुसळला आणि भरतीओहोटीच्या वेळा साधून समुद्रांत सोडला. सुमारें ५०० मजूर तीन आठवड्यांवर हें काम करीत होते, आणि त्यांतील कोणी तोळाभर अफूहि लांबवूं नये म्हणून त्यांच्यावर कडक पहारा होता. समुद्र या घाणीनें विटाळणार म्हणून लिननें समुद्रदेवतेची क्षमा मागणारी प्रार्थनाहि रचली होती.

या प्रामाणिक पहारेकऱ्याचें पुढें काय झालें ? इंग्लंडनें युद्ध पुकारलें. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें हाँगकाँग गेलें, आणि जी अफू त्यानें आपल्याच देशाच्या कायद्यानें नष्ट केली होती तिच्याबद्दल ६० लक्ष डॉलर चीनला भरून द्यावे लागले. लिनला पदावरून काढून दूर पश्चिमेकडील इलीच्या प्रदेशांत पाठविण्यांत आलें. त्याच्या पराभवाचें कारण त्याच्या बंदोबस्तांतील ढिलाई हें नव्हतें. विषाचें झाड एका राज्यांत आणि पहारा दुसऱ्या राज्यांत, हें तें कारण होतें. ज्या सरकारनें झाड लावलें होतें तेंच तोफा घेऊन उभें राहिल्यावर एकट्या कोतवालानें काय करावें !

चीनच्या दाराशीं ही स्थिति असतां इकडे हिंदुस्थानांत, मालाच्या उगमाशीं, बंदोबस्ताला हळूहळू व्यवस्थित रूप येत होतें. १८७८ चा अफूचा कायदा हें त्या व्यवस्थेचें मुख्य साधन. परवान्यावांचून अफू पिकविणें, बाळगणें, नेणें, आणणें किंवा विकणें हा त्यानें गुन्हा ठरविला आणि त्यासाठीं जास्तींत जास्त एक वर्ष कैद किंवा १,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शिक्षा सौम्य दिसते. पण कायद्याची धार शिक्षेंत नव्हती, ती इतर कलमांत होती. ज्या अफूचा समाधानकारक खुलासा आरोपीस करतां येणार नाहीं ती गुन्ह्याचीच अफू आहे, असें न्यायालयानें गृहीत धरावयाचें होतें. म्हणजे निर्दोषपणा सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला. पोलीस, अबकारी, जकात, मीठ व महसूल या खात्यांतील शिपायाहून वरच्या दर्जाच्या अंमलदारांस खबरीवरून सूर्योदय ते सूर्यास्त या वेळांत कोणाच्याहि घरांत शिरण्याचा, विरोध झाल्यास दार फोडण्याचा आणि माणूस पकडण्याचा अधिकार मिळाला. दंडाच्या व जप्त मालाच्या रकमेंतून अंमलदारास आणि खबऱ्यास बक्षीस देण्याची सोय झाली. निष्कारण छळ करण्यासाठीं झडती घेणाऱ्या अंमलदारास ५०० रुपयांपर्यंत दंडहि त्याच कायद्यांत सांगितला होता.

या कलमांत मिठाच्या व जकातीच्या खात्यांचीं नांवें आहेत, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हा महसुलाचा कायदा होता. सरकारमान्य दुकानें राजरोस चालत होतीं. तेथून अफू घेणारा कितीहि मोडकळीस आला तरी तो कायद्याच्या दृष्टीनें सज्जन होता. आणि माळव्यांतून चार शेर अफू लपवून आणणारा मात्र गुन्हेगार होता. १८८० च्या सुमारास हिंदुस्थान सरकारच्या एकूण महसुलाचा साधारण सातवा हिस्सा अफूपासून येत होता. एवढें मोठें उत्पन्न ज्याच्या राखणीखालीं आहे, त्या शिपायाची नजर कोठें लागणार हें उघड आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया आपलीं तान्हीं मुलें दिवसभर निजून राहावीं म्हणून त्यांना बाळागोळी चारीत, आणि त्या गोळींत अफू असे. ही गोष्ट खोलीखोलींत घडत होती. परंतु गोळींतली अफू परवान्याच्या दुकानांतली असली म्हणजे कायद्याला तेथें पाहण्यासारखें कांहींच नव्हतें.

याच्याशीं कोकेनची तुलना करण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील कारखान्यांत तयार झालेलें कोकेन मुंबई व कलकत्ता येथें चोरून येऊं लागलें. विड्यांतून तें खाण्याची चाल पडली आणि लहान लहान पुड्यांतून त्याची विक्री होऊं लागली. कोकेनचें शेत सरकारचें नव्हतें, कारखाना सरकारचा नव्हता, लिलांवहि नव्हता. त्यामुळें औषधाखेरीज इतर कामासाठीं तें पूर्णपणें बंद करण्यास सरकारला फार विचार करावा लागला नाहीं. ज्या व्यसनापासून तिजोरीला मिळकत नाहीं त्याचें पाप लवकर दिसतें !

अफूचें पाप दिसण्यास मात्र बराच काळ लागला. इंग्लंडांतील धर्मशील व सुधारक मंडळींनीं या उत्पन्नाविरुद्ध दीर्घकाळ चळवळ चालविली होती. १८९१ मध्यें हें उत्पन्न नीतीच्या दृष्टीनें असमर्थनीय आहे, अशा आशयाचा ठराव पार्लमेंटांत संमत झाला. १८९३ मध्यें लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालीं शाही कमिशन नेमण्यांत आलें. दरभंग्याचे महाराज लक्ष्मीश्वर सिंह आणि जुनागडचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सभासद त्यांत होते. सातशेंहून अधिक साक्षी झाल्या. १८९५ च्या अहवालांत बहुमतानें निकाल दिला कीं, हिंदुस्थानांत अफूचें सेवन बहुधा बेतानेंच होतें आणि संपूर्ण बंदीची आवश्यकता नाहीं. हेन्री विल्सन या एकाच सभासदानें भिन्न मतपत्रिका जोडली. सातव्या हिश्शाचें उत्पन्न बुडविण्यास सांगणारा अहवाल त्या काळीं बाहेर येणें कठीणच होतें.

तथापि काळाचें चक्र फिरत होतें. १९०७ मध्यें चीनशीं करार होऊन तिकडे जाणारी अफू दरसाल एकदशांशानें कमी करण्याचें ठरलें, आणि १९१३ मध्यें ती निर्यात थांबली. १९१२ चा हेगचा आणि १९२५ चा जिनीव्हाचा असे आंतरराष्ट्रीय करार झाले. १९३० मध्यें हिंदुस्थानांत घातक औषधांचा कायदा आला, आणि १९३५ अखेर औषधाव्यतिरिक्त अफूची सरकारी निर्यात बंद झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेनें देशांतील सेवनहि दहा वर्षांत बंद करण्याचा संकल्प केला. घटनेच्या ४७ व्या कलमानें मादक पदार्थांच्या बंदीचा प्रयत्न हें राज्याचें कर्तव्य ठरविलें. कुंपणानें शेत खाण्याचें सोडलें. आतां पहारा खरोखरीच माणसाच्या रक्षणासाठीं झाला.

पण उद्देश बदलला तरी हत्यार जुनेंच राहिलें, आणि तें अधिक जड झालें. १९८० नंतर अफूपासून काढलेलें हेरॉइन मुंबईपुण्याच्या गल्ल्यांत ‘गर्द’ या नांवानें शिरलें आणि कोवळीं पोरें त्याच्या तावडींत सांपडूं लागलीं. १९८५ मध्यें संसदेनें अंमली औषधें व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयींचा नवा कायदा केला, आणि १८५७, १८७८ व १९३० चे जुने कायदे रद्द झाले. १८७८ मध्यें शिक्षेची कमाल मर्यादा एक वर्ष होती. १९८५ मध्यें अफू किंवा हेरॉइन यांच्या व्यापाराच्या गुन्ह्यास किमान मर्यादाच दहा वर्षें झाली, आणि दंड एक लक्ष रुपयांहून कमी नाहीं. पुढें १९८९ पासून जामीन अतिशय कठीण झाला, व कांहीं गुन्हे पुन्हां केल्यास देहान्त शिक्षाहि आली. सूर्योदय ते सूर्यास्त झडती, खुलाशाचा भार आरोपीवर, छळासाठीं झडती घेणाऱ्यास शिक्षा, हीं जुनीं कलमें थोड्याफार फरकानें नव्या कायद्यांतहि उतरलीं. एक वर्षाच्या शिक्षेसाठीं घडविलेलें माप दहा वर्षांच्या शिक्षेला लावण्यांत आलें.

त्यांतून चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा धोका उत्पन्न झाला. थोडा माल स्वतःच्या सेवनासाठीं बाळगणारास सौम्य शिक्षा होती खरी. पण तो सेवनासाठींच होता हें त्या व्यसनी माणसानेंच सिद्ध करावयाचें होतें. त्यास तें साधलें नाहीं तर तो बड्या व्यापाऱ्याच्या पंक्तीस बसे. बडा व्यापारी माल स्वतःच्या खिशांत कधींच ठेवीत नाहीं, हें जगजाहीर आहे. हा दोष ओळखून २००१ मध्यें कायदा दुरुस्त करण्यांत आला व मालाच्या वजनाप्रमाणें शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प आणि २५० ग्रॅमहून अधिक तें व्यापारी प्रमाण. अफूस हींच मापें २५ ग्रॅम व अडीच किलो अशीं आहेत.

न्यायालयांनींहि पहारेकऱ्याच्या हाताला वळण लावलें. अंगझडतीपूर्वीं, ती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्या समोर व्हावी अशी मागणी करण्याचा हक्क आरोपीस आहे, हें त्यास सांगितलेंच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १९९९ मध्यें ठरविलें. देहान्त शिक्षा अनिवार्य ठेवणें घटनेस धरून नाहीं, असा निर्णय मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०११ मध्यें दिला, आणि २०१४ च्या दुरुस्तींत संसदेनें तीं शिक्षा वैकल्पिक केली. या कायद्याखालील अंमलदारासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें सांगितलें. या निर्णयांमुळें कांहीं आरोपी सुटतात आणि पोलीस खातें हळहळतें. परंतु जेथें आरोप होतांच माणूस वर्षानुवर्षें तुरुंगांत राहूं शकतो, तेथें झडतीचा पंचनामा हाच त्याचा आधार असतो.

व्यसनी माणसासाठीं दार उघडें ठेवण्याची लिनची कल्पनाहि निराळ्या रूपानें या कायद्यांत आली आहे. जो व्यसनी स्वेच्छेनें उपचार घेण्यास जातो त्याला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांतून खटल्यापासून मुक्तता मिळूं शकते. १९८६ मध्यें पुण्यास डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनीं मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र काढलें, आणि पु. ल. देशपांडे यांनीं त्यास आर्थिक साहाय्य केलें. गर्दच्या साथींत सांपडलेल्या घरांना त्या वेळीं पोलीस चौकीपेक्षां अशा दाराचीच अधिक गरज होती. कायद्यानें पकडावें आणि समाजानें सोडवावें, हीं दोन्ही कामें एकमेकांस पूरक आहेत.

माळव्याचें शेत आजहि उभें आहे. मंदसोर व नीमच या बाजूस, तसेंच राजस्थान व उत्तर प्रदेशाच्या कांहीं भागांत, औषधासाठीं लागणारी अफू सरकारी परवान्यानें पिकते. शेताची मोजणी होते, गांवाचा लंबरदार रोजच्या चिकाची नोंद ठेवतो, आणि सगळा माल सरकारच्या स्वाधीन करावा लागतो. त्यापासून निघणारें मॉर्फिन कर्करोगानें तळमळणाऱ्या रोग्याला दोन घटका झोंप देतें. या लागवडीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याची कचेरी ग्वाल्हेरांत, म्हणजे ज्या शिंद्यांनीं कंपनीशीं करार केला नव्हता त्यांच्याच राजधानींत, आहे. वरवर पाहतां दोनशें वर्षांपूर्वींचीच ही व्यवस्था दिसते : तेंच बोंड, तोच परवाना, तोच पहारा. फरक आहे तो पहाऱ्याच्या हेतूंत. कंपनीचा शिपाई तिजोरीची राखण करीत होता. आजच्या शिपायाकडे रोग्याचें औषध आणि निरोगी मुलाचें भवितव्य अशा दोन ठेवी आहेत. कैदेचीं वर्षें वाढवून त्याची जरब वाढणार नाहीं. आपल्या पोराला पकडण्याआधीं हा माणूस त्या पोराला विकणाऱ्याचा माग काढील, असा भरंवसा ज्या दिवशीं गल्लींतील आईबापांना वाटेल, त्या दिवशीं ती आपोआप वाढेल.